इंधनाची पारख आणि इलेक्ट्रॉनिक नासिका

१. प्रश्नाचे स्वरूप

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा संगम ज्या तालुक्यात होतो, तो शिरोळ तालुका ऊसपिकासाठी प्रसिद्ध आहे. गळिताच्या हंगामात येथील रस्त्यांवर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची आणि मालमोटारींची रीघ लागलेली असते. शेतीची मशागत, उसाची वाहतूक आणि माणसांची ये-जा या साऱ्यांचा भार डिझेल व पेट्रोल या दोन इंधनांवर आहे. टाकीत पडणारे इंधन शुद्ध आहे की भेसळीचे, हा प्रश्न म्हणून येथील कुटुंबांच्या रोजच्या हिशेबाचा आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले असता त्याचा ऑक्टेन-अंक घटतो, एंजिनात ठोके पडू लागतात व धूर वाढतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले असता त्याचा वंगणगुण कमी होऊन इंधन-पंपाची झीज होते.

या व्यवहाराची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल अनेक वर्षे डिझेलपेक्षा पुष्कळच स्वस्त होते आणि या किंमतीतील अंतरावर भेसळीचा मोठा धंदा उभा राहिला होता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलभेसळीच्या अड्ड्याची पाहणी करीत असता जिवंत जाळण्यात आले. इंधनाची पारख जागेवर, त्वरित आणि निर्विवादपणे करता आली पाहिजे, या मागणीमागे अशी किंमत मोजलेली आहे.

इलेक्ट्रॉनिक नासिका या नावाने ओळखले जाणारे उपकरण ही मागणी पुरी करील, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. हे उपकरण नेमके काय करते आणि त्याच्या निर्णयावर कोठवर विसंबावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय रसायनशास्त्राचा व पदार्थविज्ञानाचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेली कल्पना भाषेच्या अभ्यासकास परकी नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. प्रचलित कसोट्या व त्यांची मर्यादा

पेट्रोल पंपावर ग्राहकास दोन साध्या कसोट्या मागता येतात. पहिली गाळणकागदाची. कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते; जड तेलाची भेसळ असल्यास डाग मागे राहतो. दुसरी कसोटी घनतेची. काचेच्या उंच भांड्यात इंधन घेऊन त्यात घनतामापक व तापमापक सोडतात, आणि मिळालेले माप कोष्टकाच्या साहाय्याने १५ अंश सेल्सिअसला काय भरेल ते पाहतात. पुरवठ्याच्या वेळी नोंदलेल्या घनतेहून हे माप घनमीटरमागे ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक वेगळे आल्यास संशयास जागा होते.

घनतेची कसोटी उपयुक्त आहे. परंतु ती एकाच अंकावर उभी असल्याने तिला चकवता येते. समजा, पेट्रोलची घनता ७४० आणि रॉकेलची ८०० आहे. पाच भागांत एक भाग रॉकेल मिसळल्यास मिश्रणाची घनता ७५२ होईल व चोरी उघडकीस येईल. परंतु रॉकेलबरोबर तितकाच ६८० घनतेचा हलका नॅफ्था मिसळला, तर या दोहोंची सरासरी पुन्हा ७४० भरते, आणि घनतामापकाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. रॉकेल निळे करण्याच्या योजनेचीही हीच गत झाली. रंग शोषून घेणारी माती किंवा कोळसा मिळाला की निळेपणा नाहीसा करता येतो.

पक्का निर्णय प्रयोगशाळेत मिळतो. तेथे इंधनाचे ऊर्ध्वपातन करून कोणत्या तापमानास किती भाग उडतो ते मोजतात, ऑक्टेन-अंक काढतात, आणि वायुवर्णलेखनाने त्यातील घटक एकेक करून वेगळे करतात. परंतु नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत धाडणे आणि अहवालाची वाट पाहणे यात दिवस जातात, आणि तोवर पंपाच्या टाकीतील माल विकला गेलेला असतो. पंपावरील एका अंकाची कसोटी आणि प्रयोगशाळेतील सर्वांगीण पृथक्करण यांमध्ये एक मोठी पोकळी आहे. इलेक्ट्रॉनिक नासिकेची जागा या पोकळीत आहे.

३. वास आणि शब्द

मनुष्याला पेट्रोलचा व रॉकेलचा वास सहज वेगळा ओळखता येतो. परंतु तो वेगळेपणा सांगावयाचा झाल्यास त्याची जीभ अडते. मराठीत वासाचे शब्द अगदीच थोडे आहेत असे नाही. कोंडलेल्या ओल्या कपड्याला येतो तो कुबट, शिळ्या तेलाचा खवट, लागलेल्या दुधाचा करपट, भाजलेल्या डाळीचा खमंग, नासू लागलेल्या अन्नाचा आंबूस. दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा ही नामे वासाचा जोर आणि त्याविषयीची आवडनावड दोन्ही सांगतात. तथापि इंधनाकडे वळले की हा शब्दसंग्रह संपतो. 'घासलेटचा वास', 'पेट्रोलचा वास', 'मळीचा वास' असे उगमाचे नाव घेऊनच काम भागवावे लागते. तांबडा रंग सांगण्यासाठी 'कुंकवाचा रंग' असे म्हणण्याची सक्ती नाही. वासाच्या बाबतीत ती बहुधा असते.

ही स्थिती सर्व भाषांत सारखी नाही. मलाया द्वीपकल्पातील जहाय या भाषेत वासाचे गुण उगमापासून अलग करून सांगणारी क्रियापदे आहेत, असे आसिफा मजीद व निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले आहे. त्यांपैकी एकाच शब्दाने पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांच्या झोंबऱ्या वासाचा निर्देश होतो. जहाय भाषक वासांना नावे देण्यात इंग्रजी भाषकांहून पुष्कळच एकमताने बोलतात. वासाचे वर्णन करता न येणे ही नाकाची दुर्बलता नसून भाषेच्या सवयीचा परिणाम आहे, असा याचा अर्थ होतो.

भेसळीच्या तपासात मात्र नुसत्या मानवी नाकावर अवलंबून राहणे तीन कारणांनी अनुचित ठरते. नाक एकाच वासाला लौकर सरावते व मग त्याला तो वास जाणवेनासा होतो. दोन माणसांच्या निर्णयांची तुलना करण्यास समान माप नसते. आणि पेट्रोलमध्ये कर्ककारक बेंझीन अल्प प्रमाणात असल्याने ते वारंवार हुंगणे अपायकारक आहे.

४. नासिकेची रचना

मानवी घ्राणेंद्रियात प्रत्येक वासासाठी स्वतंत्र ग्राहक नसतो. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांच्या जनुकांचे मोठे कुल शोधून काढले व त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात असे कार्यक्षम ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. एक ग्राहक अनेक द्रव्यांना कमीअधिक प्रतिसाद देतो आणि एक द्रव्य अनेक ग्राहकांना जागे करते. कोणते ग्राहक किती प्रमाणात जागे झाले, याच्या एकत्रित आकृतिबंधावरून मेंदू वास ओळखतो.

हे जनुक सापडण्यापूर्वीच, १९८२ साली, इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील कृष्ण परसॉद व जॉर्ज डॉड यांनी याच तत्त्वावर एक कृत्रिम नासिका मांडून दाखविली होती. तिच्यात अवघे तीन अर्धवाहक संवेदक होते आणि त्यांपैकी एकही विशिष्ट वासापुरता मर्यादित नव्हता. तरीही तिघांच्या प्रतिसादांची प्रमाणे ताडून पाहता अनेक वास परस्परांपासून वेगळे करता आले. आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक नासिका या मांडणीचाच विस्तार होत.

संवेदकाचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. कथिलाच्या ऑक्साइडाचा पातळ थर सामान्यतः २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेला असतो. हवेतील ऑक्सिजन या थराच्या पृष्ठभागावर चिकटून त्यातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे थराचा विद्युत्‌रोध वाढलेला असतो. पेट्रोलची किंवा मद्यार्काची वाफ त्यावरून गेली की ती या ऑक्सिजनाशी संयोग पावते, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. हा उतार म्हणजेच संवेदकाचा प्रतिसाद. थरात पॅलेडियम किंवा प्लॅटिनम अल्प प्रमाणात मिसळून, अथवा निरनिराळे थर निरनिराळ्या तापमानांस ठेवून, प्रत्येक संवेदकाची आवड थोडी वेगळी करता येते. धातूंच्या ऑक्साइडांचे असे पातळ थर बनविण्याच्या विद्येत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागाचे कार्य जुने व प्रसिद्ध आहे. भारतात या उपकरणाचा परिचित उपयोग चहाच्या क्षेत्रात झाला. पानांचे आंबवणे कोणत्या क्षणी थांबवावे हे ठरविण्यासाठी कोलकाता येथील सी-डॅक संस्थेने अशी नासिका तयार केली.

५. आकृतिबंध आणि अंतर

एका उदाहरणाने पद्धत स्पष्ट होईल. समजा, नासिकेत क, ख, ग असे तीन संवेदक आहेत आणि त्यांचे प्रतिसाद काल्पनिक एककांत मोजले आहेत. एका नमुन्यास ८, ४, ४ असे अंक मिळाले आणि दुसऱ्यास ४, २, २. दुसऱ्याची वाफ निम्मी विरळ आहे. परंतु अंकांची परस्परप्रमाणे दोन्हीकडे २:१:१ अशीच असल्याने आकृतिबंध एकच आहे. तिसऱ्या नमुन्यास ४, ४, २ मिळाले, तर प्रमाण २:२:१ झाले व आकृतिबंध बदलला. येथे पहिल्या दोन नमुन्यांत जोराचा भेद आहे, तिसऱ्यात जातीचा. प्रत्यक्ष संवेदक इतके सरळ वागत नाहीत, तरी तत्त्व हेच.

प्रत्येक नमुना याप्रमाणे अंकांच्या एका गटाने दर्शविला जातो, म्हणजेच अवकाशातील एका बिंदूने. शुद्ध पेट्रोलचे अनेक नमुने तपासले की त्यांचे बिंदू एका ठिकाणी पुंज करतात, डिझेलचे दुसऱ्या ठिकाणी. नवा नमुना कोणत्या पुंजाच्या जवळ पडतो, हे पाहून निर्णय दिला जातो. 'जवळ' म्हणजे किती, हे ठरविताना पुंजाचा पसरटपणाही लक्षात घ्यावा लागतो. कारण पसरट पुंजापासून चार पावले दूर असणे आणि दाट पुंजापासून चार पावले दूर असणे या भिन्न गोष्टी आहेत. असे पसरटपणाचा हिशेब ठेवणारे अंतर प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ साली मांडले. मानवी शरीरांच्या मापांवरून समाजगटांची तुलना करण्याच्या प्रयत्नातून निघालेली ही कल्पना आज पेट्रोलच्या वाफेलाही लागू पडते.

भाषाविज्ञानाच्या वाचकास येथे ओळखीची खूण पटेल. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचे सार असे की, भाषेतील घटकाला मूल्य प्राप्त होते ते इतर घटकांपासूनच्या त्याच्या भेदामुळे. मराठीत 'जग' हा लिखित शब्द दोन प्रकारे उच्चारला जातो. विश्व या अर्थी त्यातील ज तालव्य आहे, आणि जगणे या क्रियापदाच्या आज्ञार्थी तो दंततालव्य आहे. लेखनात हा भेद दिसत नाही; मराठी कानाला तो तत्काळ कळतो; आणि ज्याच्या भाषेत हा भेदच नाही, अशा श्रोत्याला तो पुष्कळदा ऐकूच येत नाही. त्या श्रोत्याचा कान बिघडलेला नसतो. त्याला तो भेद शिकविलेला नसतो, इतकेच.

इलेक्ट्रॉनिक नासिकेची स्थिती नेमकी अशी आहे. वायुवर्णलेखन यंत्र नमुन्यातील घटक वेगळे करते. नासिका तसे करीत नाही. 'यात रॉकेल आहे' असे ती कधीच सांगत नाही. 'मला पूर्वी दाखविलेल्या अमुक पुंजापासून हा नमुना इतका दूर आहे', एवढेच तिचे विधान असते. तिच्या गुणांचा आणि दोषांचा उगम या एका गोष्टीत आहे.

६. एकच रॉकेल, दोन इंधने

भेसळीचे द्रव्य तेच असले, तरी ते कशात मिसळले आहे यावर नासिकेचे यश अवलंबून असते. ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते, म्हणून तिचा थोडा विस्तार करणे इष्ट आहे.

नासिका द्रव हुंगत नाही, द्रवावरील वाफ हुंगते. पेट्रोल सुमारे ३५ अंशांपासून उकळू लागून २१० अंशांपर्यंत संपते. रॉकेलचा पल्ला सुमारे १५० ते ३०० अंशांचा. डिझेलचा त्याहून वरचा, ३६० अंशांच्या आसपास संपणारा. बाटलीत पेट्रोल ठेवले की वरच्या पोकळीत भरते ती मुख्यतः त्यातील सर्वांत हलक्या घटकांची वाफ. त्यात दहा-वीस टक्के रॉकेल मिसळले, तर रॉकेलची स्वतःची वाफ इतकी अल्प असते की ती त्या गर्दीत हरवून जाते. पेट्रोलची वाफ थोडी विरळ होते, परंतु तिची घडण फारशी बदलत नाही. आता मागील उदाहरण आठवावे: वाफ केवळ विरळ झाल्याने ८, ४, ४ चे ४, २, २ होते व प्रमाण तेच राहते. जोराचा भेद पुसून टाकणे ही नासिकेच्या गणिताची पहिली पायरी आहे, आणि पेट्रोलमधील रॉकेलाचा पुरावा नेमका त्या भेदात असतो. सोयीसाठी केलेल्या गणिताने साक्षीदारच पुसला जावा, असा हा प्रकार आहे.

डिझेलच्या बाबतीत चित्र उलटे होते. डिझेलवरील वाफ मुळातच क्षीण असते. त्यात रॉकेल पडले की मिश्रणातील अधिक उडणारा भाग रॉकेलचा असतो, आणि वाफेत त्याचा वाटा द्रवातील वाट्याहून मोठा होतो. म्हणून डिझेलमधील रॉकेल नासिकेला तुलनेने सुलभ आहे.

पेट्रोलची अडचण दूर करण्याचे उपाय आहेत. नमुना ठराविक काळ उघडा ठेवून किंवा हलका तापवून त्यातील चंचल घटक आधी उडू द्यावे आणि मागे राहिलेल्या जड अंशाची वाफ तपासावी. गाळणकागदाची जुनी कसोटी नकळत हेच करते. उडून जाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून राहिलेल्या डागाकडे ती पाहते. साध्या कसोटीतील हा विवेक यंत्राच्या योजनेतही उतरला पाहिजे.

७. मद्यार्काने बदललेले प्रमाण

शिरोळच्या परिसरात या विषयास आणखी एक पदर आहे. उसापासून साखर, साखरेच्या निर्मितीत उरणारी मळी, आणि मळीपासून आसवनीत निघणारा मद्यार्क, ही मालिका या भागातील लोकांच्या परिचयाची आहे. हा मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, निर्जल करून पेट्रोलमध्ये मिसळण्याचा प्रयोग भारतात २००१ साली ज्या ठिकाणी प्रथम करण्यात आला, त्यांत उत्तर प्रदेशातील बरेलीच्या जोडीला महाराष्ट्रातील मनमाड आणि मिरज ही ठिकाणे होती. मिरज शिरोळपासून जवळच, कृष्णेच्या पलीकडे आहे. २००३ साली नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ साली देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ साली २० टक्क्यांचा.

याचा नासिकेवरील परिणाम दुहेरी आहे. पहिला असा की, कथिलाच्या ऑक्साइडाचे संवेदक मद्यार्काला फार तीव्र प्रतिसाद देतात. पाचवा हिस्सा मद्यार्क असलेल्या पेट्रोलची वाफ आली की त्याच्या गलक्यात इतर घटकांचे बारीक भेद दबून जातात. भेसळ ओळखावयाची, तर मद्यार्काकडे कमी ओढ असलेले संवेदक निवडावे लागतात, किंवा नमुना आधी पाण्याने धुऊन मद्यार्क काढून टाकावा लागतो. मद्यार्क पाण्यात विरघळतो व पेट्रोल विरघळत नाही, या गुणावरच त्याचे प्रमाण मोजण्याची सोपी रीत आधारलेली आहे. मापाच्या नळीत ८० मिलिलिटर पेट्रोल व २० मिलिलिटर पाणी घालून हलविले आणि स्थिर होऊ दिले, तर २० टक्के मद्यार्क असल्यास तळाचा थर २० वरून सुमारे ३६ मिलिलिटरांपर्यंत वाढतो. या कामासाठी नासिकेची गरज नाही.

या गुणाचीच एक विघातक बाजू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्याने महापूर अनुभवला. अशा वेळी पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी शिरल्यास ते पेट्रोलमधील मद्यार्क ओढून घेते आणि तळाशी पाणी व मद्यार्क यांचा स्वतंत्र थर साचतो. वरच्या पेट्रोलातील मद्यार्क घटतो, त्याबरोबर त्याचा ऑक्टेन-अंकही उतरतो. येथे कोणी भेसळ केलेली नसते, तरी नमुना प्रमाणापासून ढळलेला असतो. नासिका हे ढळणे टिपू शकेल; त्याचे कारण मात्र ती सांगू शकणार नाही. मोजपट्टीला पाणी ओळखणारा लेप लावून ती टाकीत बुडविण्याची प्रचलित रीत कारणही सांगते.

दुसरा परिणाम अधिक मूलगामी आहे. २००१ पूर्वीच्या पेट्रोलवर शिकविलेल्या नासिकेपुढे आजचे निर्दोष पेट्रोल ठेवले, तर ती ते भेसळयुक्त ठरवील. मधल्या काळात प्रमाणच बदलले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या व्याकरणाने आजच्या बोलीतील प्रयोगांना अशुद्ध म्हणावे, तशातला हा प्रकार होय. भाषेचे प्रमाण जसे विशिष्ट काळाचे व विशिष्ट समाजाचे असते, तसेच इंधनाचेही आहे. निरनिराळ्या शुद्धीकरण कारखान्यांतून येणारे पेट्रोल नियमात बसूनही घडणीने सारखे नसते. ज्या नासिकेला एकाच कारखान्याचे पेट्रोल दाखविले, तिला दुसऱ्याचे पेट्रोल परके वाटेल.

८. प्रमाण नमुन्यांची निवड

यावरून हे उघड होते की नासिकेचे खरे मर्म संवेदकांपेक्षा तिला दाखविलेल्या नमुन्यांच्या संग्रहात आहे. शिरोळसारख्या तालुक्यासाठी असा संग्रह करावयाचा, तर त्या भागास जेथून पुरवठा होतो त्या प्रत्येक आगारातील इंधन त्यात हवे. उन्हाळा, पावसाळा व हिवाळा या तिन्ही ऋतूंतील नमुने हवेत. टाकीत काही दिवस राहून हलके घटक गमावलेले, परंतु निर्दोष असे पेट्रोलही हवे. भेसळीचे नमुने प्रयोगशाळेत मोजून तयार करावयाचे, त्यांत रॉकेलबरोबर नॅफ्था व इतर विद्रावकही असले पाहिजेत. अन्यथा चोर पुढे आणि नासिका मागे अशी स्थिती होईल.

बोलीचे सर्वेक्षण करणाऱ्यास हे नियम नवे नाहीत. एकाच माणसाकडून शंभर वेळा तेच वाक्य वदवून घेतले, म्हणजे शंभर निवेदक मिळाले असे होत नाही. तरीही एकाच बाटलीतून अनेकदा वाफ घेऊन ती अनेक नमुन्यांच्या जागी मोजण्याची, आणि ज्या नमुन्यांवर नासिका शिकविली त्यांवरच तिची परीक्षा घेण्याची चूक अशा प्रयोगांत सहज होते. अशा परीक्षेत मिळालेले पैकीच्या पैकी गुण स्मरणशक्तीचे असतात, पारखीचे नव्हेत. परीक्षेचे नमुने शिकवणीच्या नमुन्यांहून वेगळ्या दिवसांचे, वेगळ्या टाक्यांचे आणि शक्य तर वेगळ्या हातांनी घेतलेले असावेत.

हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यातील दमट हवेने संवेदकाचा मूळ रोध बदलतो; उन्हाळ्यात नमुना तापल्याने वाफ वाढते; आणि दीर्घ वापरानंतर संवेदक स्वतःच हळूहळू ढळतो. म्हणून नमुना ठराविक तापमानास आणूनच तपासणे, हवा कोरडी करून घेणे आणि दररोज एका ज्ञात नमुन्यावर यंत्राची खात्री करून घेणे ही पथ्ये अटळ आहेत.

९. संशय आणि पुरावा

शेवटी, या निर्णयाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. समजा, एक हजार नमुन्यांपैकी वीस खरोखर भेसळीचे आहेत, आणि नासिका दोन्ही बाजूंनी शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर ठरते. वीसांपैकी एकोणीस ती पकडील. परंतु उरलेल्या ९८० शुद्ध नमुन्यांपैकीही पाच टक्के, म्हणजे ४९ नमुने, ती चुकून दोषी ठरवील. एकूण ६८ नमुन्यांवर ठपका येईल आणि त्यांतील अवघे १९ खरे असतील. पंचाण्णव टक्के अचूकतेच्या यंत्राने दोषी ठरविलेल्यांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश निर्दोष निघावेत, हे ऐकताना विचित्र वाटते. परंतु भेसळ जितकी विरळ, तितका हा परिणाम तीव्र होतो.

या आकड्यांवरून यंत्र निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. एक हजार नमुने प्रयोगशाळेत पाठविणे अशक्यप्राय असते. अडुसष्ट पाठविणे शक्य असते, आणि त्यांत वीसांपैकी एकोणीस गुन्हे सापडतात. चाळणी म्हणून नासिका मोलाची आहे. न्यायाधीशाच्या आसनावर तिला बसविले, तर मात्र एकोणीस भेसळखोरांबरोबर एकोणपन्नास प्रामाणिक पंपचालकांचे परवाने व अब्रू पणास लागेल, आणि खरा भेसळखोर त्या एकोणपन्नासांच्या आडोशाने सुटण्याचा मार्ग शोधील. जीवनावश्यक वस्तूंविषयीच्या १९५५ च्या कायद्याखाली काढलेल्या आदेशानुसार इंधनाचे नमुने अधिकृत प्रयोगशाळेत तपासावे लागतात. ती तरतूद दिरंगाईची वाटली, तरी तिच्यामागे हे तारतम्य आहे.

१०. समारोप

इलेक्ट्रॉनिक नासिका द्रव्ये ओळखत नाही, भेद ओळखते. आणि तेही तिला शिकविलेले भेद. डिझेलमधील रॉकेल तिला तुलनेने सुगम आहे, पेट्रोलमधील दुर्गम. मद्यार्काने तिच्यापुढील प्रमाणच बदलून टाकले आहे. आणि नमुन्यांचा संग्रह स्थानिक, विविध व अद्ययावत नसेल, तर उत्तम संवेदकही व्यर्थ आहेत. गाळणकागद व घनतामापक यांच्या पुढची आणि प्रयोगशाळेच्या अलीकडची पायरी म्हणून तिचा उपयोग करावा. तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्यास कोणत्या टाकीचा नमुना मोहोरबंद करावयाचा हे थोड्या वेळात कळणे, एवढे एक कार्य जरी तिने चोख बजावले, तरी ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरापासून शासनाच्या पुरवठा विभागापर्यंत अनेकांचे हित तिच्याकडून साधले जाईल. त्यासाठी संवेदक बनविणारा पदार्थवैज्ञानिक, इंधनाचे पृथक्करण करणारा रसायनज्ञ आणि नमुन्यांची निवड व वर्गीकरण यांचे शास्त्र जाणणारा अभ्यासक यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. यांपैकी तिसऱ्याची उणीव बहुधा सर्वांत शेवटी ध्यानात येते.